कचऱ्याचा हिशेब कोणी, कोणाला द्यायचा?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला इथे माझ्यापेक्षा चांगले वक्ते आहेत. मला कार्यकारिणीने कोरडा विषय दिला आहे. म्हणजे ओलाही आहे आणि कोरडाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव येतो आहे : प्रत्येक घराने आपल्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लावली याचा पुरावा दर महिन्याला द्यावा, न दिल्यास दंड. काही जणांना हा ठराव म्हणजे घरात डोकावणं वाटतं. काही जण म्हणतात, उद्यापासूनच लागू करा. मी ठरावाच्या बाजूने आहे, पण जसा लिहिला आहे तसा नाही.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे पुरावा या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. आयआरडीपीच्या काळात म्हशीसाठी कर्ज दिलं की म्हैस खरंच घेतली का, ते पाहायला अधिकारी गावात जायचा. एकाच म्हशीला तीन गोठ्यांत तीन मालक मिळायचे, हा किस्सा त्या काळातल्या कोणत्याही बँकवाल्याला विचारा. मग विम्याचा बिल्ला म्हशीच्या कानात आला. तर बिल्लाही कान बदलायला लागला! सांगायचं इतकंच, की कागद मागितला की कागद मिळतो. म्हैस मिळतेच असं नाही.

आपल्या महाराष्ट्रात असा पुरावा मागण्याचा मोठा प्रयोग झालेला आहे, आणि तो कचऱ्याहून नाजूक बाबतीत. ग्रामपंचायतीच्या कायद्यात तरतूद आली, की ज्याच्या घरी शौचालय नाही आणि जो ते वापरत नाही, तो सदस्य होण्यास अपात्र. त्यासाठी दाखला लागू लागला. या तरतुदीवरून निवडून आलेल्या सदस्यांची पदं गेली, प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांपुढे आणि पुढे कोर्टात गेली. लोकांनी शौचालयं बांधली, हे खरं. पण खेड्यापाड्यांत फिरलेल्या माणसाला हेही माहीत आहे, की काही शौचालयांत गोवऱ्या आणि तणस भरलेलं असायचं. बांधल्याचा दाखला देता येतो. वापरल्याचा दाखला कोण देणार? आपल्या ठरावाची खरी अडचण हीच आहे.

कायद्याने काय सांगितलं, ते थोडक्यात. ८ एप्रिल २०१६ ला केंद्राने घनकचरा व्यवस्थापन नियम काढले. त्यांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली : ओला, सुका आणि घरातला घातक, असे तीन भाग त्या नियमांत होते. डायपर, सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायचे. रस्त्यावर किंवा नाल्यात फेकायचं नाही, जाळायचं नाही. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, असं त्यांत होतं. आपण तेवढे मोठे नाही. पण मागच्या भिंतीशी हिवाळ्यात पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिक पेटतं, त्याला आकाराची सवलत नाही.

कोणी म्हणेल, एवढं काय बाप्पा, घंटागाडी येते, टाकला की संपलं. भंडाऱ्याच्या माणसाने तरी असं म्हणू नये. नागपूरची नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. खाली गोसेखुर्दला पाणी अडवलेलं, म्हणून ते तुंबून आपल्या दारापर्यंत येतं. वरच्याने ‘टाकला की संपलं’ म्हटलं की खालच्याचं काय होतं, ते आपण नळाच्या पाण्यात पाहिलं आहे. आणि आपल्याही खाली पवनी आहे.

आता पुरावा कसा घ्यायचा? दक्षिण कोरियात २०१३ पासून उरलेलं अन्न टाकण्याचे पैसे प्रमाणानुसार घेतात. बऱ्याच इमारतींत कार्ड लावलं की डब्याचं झाकण उघडतं, आत वजन होतं, तेवढं घराच्या नावे पडतं. म्हणजे पासबुकच! जपानच्या काही गावांत कचऱ्याच्या पिशवीवर घराचं नाव लिहावं लागतं. हे दुसरं मला पटत नाही. कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलं आहे, कोण कोणती औषधं घेतं, हे पिशवीवरून अख्ख्या जिन्याला कळायचं काही कारण नाही.

ठरावात लिहिलं आहे, की कचरा उचलणाऱ्या बाईंनी कार्डावर सही करायची. इथे माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. फुटलेली काच आणि ब्लेड त्यांच्या बोटांना लागतात, म्हणून त्यांच्याइतका पक्का साक्षीदार नाही, हे मान्य. पण चार नंबरवाल्यांनी सगळं एकत्र टाकलं, असं त्या लिहून देतील का? दिवाळीचं बक्षीस त्याच दारातून मिळतं. बँकेत शिपायाला मॅनेजरचं ऑडिट करायला कोणी सांगत नाही. तुम्ही त्यांना अधिकार देत नाही, संकटात टाकता.

म्हणून माझी दुरुस्ती अशी. घराचा पुरावा मागूच नका, जिन्याचा मागा. मागे खताचा खड्डा आहेच, त्याच्याशेजारी वजनकाटा ठेवा. दर रविवारी जिन्यावार ओला, सुका आणि मिसळलेला कचरा मोजायचा आणि आकडे फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचे. मोजणारा सभासदच, आळीपाळीने, हातमोजे घालून. मिसळलेला कचरा महिनाभर निघाला नाही, तर त्या जिन्याला देखभाल खर्चात थोडी सूट द्या. दंड करायचाच झाला, तर आधी नोटीस, मग म्हणणं मांडू देणं, मग सभा. चिडून वसूल करायचा नाही. सुक्याचे पैसे कबाडीवाला देतो, ते त्या बाईंनाच जावेत, हे मात्र ठरावात लेखी हवं.

एका जिन्यात सहा घरं आहेत. पाच घरांनी वेगळं केलं आणि एकाने नाही, तर पाचांनी सूट का गमवायची, असं मला कालच एका ताईंनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. बँकेत बचत गटाचं कर्ज याच तत्त्वावर चालायचं. एकीचा हप्ता थकला, की बाकीच्या नऊजणी तिच्या दारात जाऊन बसायच्या. त्या वसुलीला जायच्या आणि पुष्कळदा कळायचं, की घरात आजारपण आहे. मग हप्ता सगळ्या मिळून भरायच्या. आपल्याकडेही एखाद्या घरी ऐंशीच्या वरची दोनच माणसं असतील, तर त्यांचा डबा वेगळा करायला शेजारच्याने पाच मिनिटं द्यावीत.

पन्नास किलोच्या टांगत्या काट्याची चौकशी मी करून ठेवली आहे. सभेने दुरुस्ती मान्य केली, तर पहिल्या चार रविवारी मोजायला मी येतो. पाचव्या रविवारसाठी नावं आजच सचिवांकडे द्या.