हौद घासण्याआधी पाणी तपासा

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, बुलढाणा जिल्ह्यात स्विमिंग पूल? पण खामगाव, चिखली, मेहकरकडे आता शेतातल्या घरामागे पोहायचा हौद बरेच जण बांधतात. आमच्याकडेही आहे, २० बाय १० फुटांचा. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीतली पोरं त्यात असतात.

आणि दोन-तीन महिन्यांत तक्रार ठरलेली. भिंतीवर पांढरा क्षार, तळाला हिरवं शेवाळ, कुठे तांबडे डाग, कुठे प्लास्टर खरखरीत. मग आपण काय करतो? ब्रश आणतो, ॲसिड आणतो. आमच्याकडेही एका साफसफाईवाल्यानं ॲसिडनं घासून भिंत चकाचक केली होती. महिन्याभरात क्षार परत, आणि प्लास्टर पायाला टोचायला लागलं ते वेगळंच.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्यात म्हणतात, स्क्रीनवर दिसते ती एरर. बग दुसरीकडेच असतो. इथेही तसंच. डाग भिंतीवर दिसतो, पण बिघाड पाण्यात असतो.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, आठवतं? फोटो सगळीकडे फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव गुलाबी रंग तयार करत होते. रंग दिसला वर, पण बदललं होतं पाणी. हौदाचंही तेच, फक्त लहान मापात.

आता पांढऱ्या क्षाराचं गणित बघू. समजा उन्हानं रोज १ सेंटिमीटर पाणी उडालं. आमच्या हौदात ते होतं साधारण १८६ लिटर. महिन्याला साडेपाच हजार लिटर. तेवढंच आपण बोअरचं पाणी परत भरतो. त्या पाण्याचा जडपणा ४०० पीपीएम असेल, तर महिन्याला दोन किलोच्या वर क्षार हौदात येतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतो. पाणी तापलं, पीएच वाढला, की तो भिंतीवर बसतो. पाण्याच्या रेषेवर सगळ्यात आधी.

पण उलटंही होतं, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. सिमेंटला चुना लागतो. पाण्यात चुना फार कमी असला, उदाहरणार्थ निव्वळ पावसाचं पाणी, तर ते पाणी भिंतीतला चुना ओढून घेतं. प्लास्टर झिजतं, खरखरीत होतं. लँगेलिअर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९३६ मध्ये याचं सूत्र मांडलं: पाणी क्षार टाकणार की चुना खाणार, ते पीएच, तापमान, जडपणा, अल्कलिनिटी आणि विरघळलेले क्षार यावर ठरतं. आपल्याला सूत्र पाठ करायची गरज नाही. पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी ८० ते १२०, जडपणा २०० ते ४०० पीपीएम, एवढं सांभाळलं तरी बरंच काम होतं. तपासायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात.

शेवाळाचं काय? क्लोरीन १ ते ३ पीपीएम हवं. पण पीएच बघा आधी! ७.५ ला निम्मं क्लोरीन कामाच्या रूपात असतं, ८.५ ला जेमतेम दहावा भाग. म्हणजे तुम्ही पावडर टाकत राहता आणि शेवाळ मजेत वाढत राहतं. शिवाय उन्हात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून संध्याकाळी टाका. आणि ब्लीचिंग पावडरमध्येही चुना असतो बरं का, म्हणजे जड पाण्यात आणखी भर.

तांबड्या डागावर व्हिटॅमिन सीची गोळी चोळून बघा. फिका झाला, तर बहुधा लोखंडाचा. मग बोअरचं पाणी किंवा गंजलेला पाइप शोधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नीट ऐका. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच, कधीच एकत्र करू नका. एका बादलीतही नाही, लागोपाठही नाही. क्लोरीन वायू निघतो, जीव जाऊ शकतो. ॲसिड पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी नाही. आणि ज्या दिवशी हौदाचा तळ दिसत नाही, त्या दिवशी पोरांना आत सोडायचं नाही. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल वरून दिसत नाही, आणि बुळबुळीत तळावर पाय टिकत नाही.

शेवटचं: क्षार दिसला की लगेच हौद रिकामा करू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणारी गावं आहेत. आधी पट्टी बुडवा, आकडे लिहून ठेवा. जडपणा फार वाढला असेल, तर थोडं पाणी काढून कमी क्षाराचं भरा. संध्याकाळी हौदावर कापड झाका, पाणी कमी उडेल, क्षारही कमी साचेल. ब्रश लागेलच, पण नंतर.

घरी हौद असलेल्या मित्राला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!