पेटीचं कुलूप

मी शीळफाट्याला राहतो. कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे, सगळीकडचे रस्ते इथं येऊन एकमेकांत घुसतात. त्यामुळे वाट पाहण्याची सवय आम्हाला सक्तीनंच लागलेली. आज मात्र बोलायचं आहे ते माझ्या एका कामाबद्दल. ते मी आठ वर्षं केलं नाही.

अब्बा गेल्यावर गावाकडच्या जमिनीची वारस नोंद करायची होती. वारस दोघंच, मी आणि थोरली आपा. अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे दोन-चार खेपा, काम एवढंच. कागद अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत आणि पेटी माझ्या पलंगाखाली. आपा ईदला यायची, विचारायची, "कागदांचं बघितलंस का रे?" मी म्हणायचो, "या महिन्यात नक्की." घरचे मला आळशी म्हणत. मी स्वतःला कवी म्हणवून घेत असे. टाळाटाळीला 'स्फूर्तीची वाट पाहणं' हे भारदस्त नाव आम्हा मंडळींनीच दिलेलं आहे.

मी बी.ए. झालेला माणूस, मेंदूशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण स्वतःचीच लाज वाटू लागली, तेव्हा वाचत गेलो. डोपामिन हे नाव तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. 'आनंदाचं रसायन' अशी त्याची ओळख करून देतात, ती तितकीशी बरोबर नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. आधी एक इशारा, मग फळाच्या रसाचा घोट. सुरुवातीला रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळायच्या. माकड सरावल्यावर त्या इशाऱ्यालाच उसळू लागल्या. रस मिळताना शांत. १९९७ साली त्यानं दोन सहकाऱ्यांसह त्यावर गाजलेला निबंध लिहिला.

हे मला फाट्यावर रोज दिसतं. लांबून बसची पाटी दिसली की थांब्यावरची माणसं जिवंत होतात, पिशव्या उचलतात, पदर खोचतात. बसायला जागा मिळाल्यावर तो जोर कुठच्या कुठे जातो! आणि बक्षीस जितकं लांबणीवर, तितकी इशाऱ्याची उसळीही मंद, असंही पुढच्या प्रयोगांत दिसलं. माझ्या वारस नोंदीची पाटी कुठल्याच वळणावर दिसत नव्हती. समोरच्या चहाच्या टपरीची मात्र रोज दिसायची.

जॉन सालामोन यांनी १९९४ साली उंदरांचा एक प्रयोग मांडला. एका वाटेला खाणं भरपूर, पण मध्ये चढून जायचा अडथळा. दुसऱ्या वाटेला खाणं थोडं, रस्ता मोकळा. धडधाकट उंदीर अडथळा चढून गेले. मेंदूच्या एका भागातलं डोपामिन घटवलेले बहुतेक उंदीर थोडक्या खाण्याकडे वळले. अडथळा काढल्यावर मात्र तेही भरपूर खाण्याकडेच गेले. म्हणजे भूक होती, आवडही होती. चढायचं बळ तेवढं नव्हतं.

पण माझा अडथळा कोणता? पेटी तर हाताच्या अंतरावर. कॅनडातले टिमथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फ्युशिया सिरोइस यांनी २०१३ साली लिहिलं की, टाळाटाळीचं मूळ वेळेच्या हिशेबापेक्षा भावनेत असतं. काम मनात आलं की जी कालवाकालव होते, तिच्यापासून माणूस पळतो. पळाल्याबरोबर बरं वाटतं, म्हणून पुन्हा पळतो. हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला तलाठ्याचा कंटाळा नव्हताच. पेटी उघडली की अब्बांचा वास येईल, याची मला धास्ती होती. (कशातच जीव लागत नाही, अशी अवस्था महिनोन्‌महिने टिकली, तर ते डॉक्टरकडे जायचं दुखणं आहे. त्याला आळस म्हणू नये.)

एवढं कळूनही मी वर्षभर पेटी उघडली नाही. नुसतं कळून उपयोग होतोच असं नाही.

शेवटी आपाच आली. पलंगावर बसली, म्हणाली, "आज नुसतं कुलूप काढ. आत बघू नकोस." कुलूप काढलं. मग झाकण उचलावंसं वाटलं. वर अब्बांची टोपी होती, चष्मा होता. दोघंही थोडा वेळ रडलो. तासाभरात दाखला सापडला, दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. इच्छा झाली ती हात घातल्यावर. आठ वर्षं मी ती आधी येण्याची वाट पाहत होतो.

नोंद झाली. पण त्याच सुमारास भाचीकडून कळलं की, मधल्या काळात भाईसाहेबांच्या ऑपरेशनसाठी आपानं बांगड्या गहाण टाकल्या होत्या आणि त्या सुटल्याच नाहीत. जमीन नावावर असती, तर तिला आपला वाटा विकता आला असता. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. फक्त दर ईदला कागदांचं विचारत होती.

सात-बाराचा नवा उतारा घेऊन मी तिच्याकडे गेलो. तिनं चष्मा लावून आपलं नाव दोनदा वाचलं, कागद घडी करून उशाखाली ठेवला आणि विचारलं, "जेवून जाशील ना?"

मी तिच्या हातांकडे बघायचं टाळलं.