गोल आधी शेजारी, मग आपल्या घरी

18 डिसेंबर 2022. कतारच्या लुसैल स्टेडियममध्ये फुटबॉल विश्वचषकाचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना पेनल्टींवर गेला होता. शेजारी आरडाओरडा झाला, आणि तुमच्या मोबाइलवर गोल नंतर दिसला. आठवतंय?

इंटरनेटवर व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. ॲप दोन-चार तुकडे आधीच साठवून ठेवतं, म्हणून हा उशीर. प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रतींत तयार असतो. वेग घटला की ॲप हलकी प्रत उचलतं, आणि मेस्सीचा चेहरा पुसट होतो.

वेगाचं घोडं अडतं ते बहुधा घरातच. वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झ पट्टा लांब पोचतो, पण तिथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, शिवाय मायक्रोवेव्ह, सगळ्यांचीच दाटी. म्हणजे मध्यंतरात पॉपकॉर्न फुलवायचे ते बेतानंच! 5 गिगाहर्ट्झ वेगवान, मात्र काँक्रीटच्या भिंतीपुढे दमतो.

टीव्ही जागचा हलत नाही ना? मग राउटरपासून त्याला सरळ केबल जोडा. वायफाय मोबाइलसाठी मोकळं राहील.