शून्य आणि मौन



मी भाषेचा अध्यापक. वैद्यकाचा अधिकार मला नाही. तरीही या स्मृतिव्याख्यानासाठी मी तापाच्या नोंदीचा विषय निवडला, कारण नोंद हेही अखेर भाषेचेच काम आहे.

१९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईतून देशभर पसरली. आपला उत्तर कन्नड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे दगावली असावीत, असे अंदाज आहेत. नेमका आकडा का मिळत नाही? मृत्यूच्या कारणापुढे बहुधा नुसते ‘ताप’ असे लिहिले जाई. आणि लिहिणाराच अंथरुणाला खिळला, की पान कोरे राही.

आज व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे. २००४ साली देशात एकात्मिक रोग देखरेख प्रकल्प सुरू झाला. आरोग्यसेविका लक्षणांवरून, वैद्यकीय अधिकारी निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून माहिती देतात. ती जिल्ह्याकडे व तेथून राज्याकडे जाते. गेल्या दहा दिवसांत आलेला ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप आणि सोबत खोकला, अशी फ्लूसदृश आजाराची व्याख्याही ठरलेली आहे. अशा नोंदींतूनच आपल्या देशात फ्लूचे दोन चढ दिसतात : एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्याच्या सुमारास.

परंतु जोयड्यासारख्या रानातल्या तालुक्यात, जिथे वस्त्या विखुरलेल्या आणि वाटा लांबच्या, तिथे रोगी दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नाही तर? ‘शून्य रुग्ण’ हे विधान आहे. रिकामा रकाना हे मौन आहे. राज्याच्या आलेखात मात्र दोन्ही सारखीच दिसण्याचा धोका असतो. शिवाय १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप आपल्या जिल्ह्यातही आढळला आहे. त्याचा हंगाम कोरड्या महिन्यांचा, म्हणजे फ्लूच्या पहिल्या चढाशी जुळणारा. तेव्हा नुसता ‘ताप’ हा शब्द आजही पुरत नाही. रोगी रानात गेला होता काय, परिसरात माकडे मेलेली आढळली काय, हे विचारून लिहिले पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी शिक्षक असेल, कोणी आरोग्यसेविका. शाळेचा हजेरीपटही साथीची पहिली खूण देऊ शकतो. एका वर्गातील अर्धी मुले एकाच आठवड्यात तापाने घरी राहिली, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. काहीच नसेल, तर शून्य लिहा. पण रकाना रिकामा ठेवू नका. जे लिहिले गेले नाही, त्यासाठी औषधाची गाडी निघत नाही.