चिमूरची बातमी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, मोठे भाषण मला येत नाही. पण चिमूर आपल्याच जिल्ह्यातले, म्हणून दोन शब्द बोलते.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरला गोळीबार झाला, चवताळलेल्या लोकांच्या हातून सरकारी अंमलदार मारले गेले. मग लष्कर आले. पुरुषांना धरून नेले, आणि मागे राहिलेल्या बायकांचे जे हाल झाले ते सांगायला जीभ रेटत नाही. वर्तमानपत्रांची तोंडे बांधलेली. प्रा. भणसाळींनी चौकशीसाठी उपोषण मांडले, तर तेही छापू देईनात! तेव्हा ६ जानेवारी १९४३ रोजी अनेक पत्रांनी निषेध म्हणून अंकच काढला नाही. ६३ दिवसांनी उपोषण सुटले.

तरी चिमूरची हकीकत त्याआधीच लोकांच्या कानी गेली होती. मुंबईत उषा मेहता ही बावीस वर्षांची मुलगी सोबत्यांसह चोरून ‘काँग्रेस रेडिओ’ चालवीत होती. पोलिसांना माग लागू नये म्हणून बिऱ्हाड सारखे हलवायचे.

आता रेडिओचे काम मोबाइल करतो, आणि बंदी त्याच्यावर येते. २०२० साली काश्मीरात सरकारने नेमून दिलेलीच संकेतस्थळे उघडत, तेव्हा लोकांनी ‘व्हीपीएन’ घेतले. ते काय, तर समजा, पोस्टमन एका गावची पत्रे अडवतो. आपण ते पत्र दुसऱ्या बंद पाकिटात घालून नागपूरच्या मावशीला धाडायचे, ती पुढे पाठवील. पोस्टमनला दिसते ते एवढेच, की मावशीला पत्र गेले. हा लखोटा सांकेतिक लिपीचा, फोडला तरी वाचता येत नाही. मात्र टपालच बंद पडले तर मावशीचाही इलाज नाही. जंगलातल्या बिनटॉवरच्या गावांना हे सांगायला नको.

आणि मावशीला आपले सगळे पत्ते कळतात, बरे का! फुकट मिळणारी मावशी कोण, कुठली, हे आधी विचारावे. काँग्रेस रेडिओचा घात पोलिसांच्या हुशारीने झाला नाही. त्यांच्यातलाच एक तंत्रज्ञ फुटला, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी चालू कार्यक्रमात उषाबाई पकडल्या गेल्या. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. पण सोबत्यांचे नाव त्यांच्या तोंडून निघाले नाही.