आवाज फुटतो तेव्हा



चौदा वर्षांचा असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मला 'सौभद्र'मधलं सुभद्रेचं पद म्हणायचं होतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात महिनाभर तालीम चालली होती. पट्टी काळी चार. कार्यक्रम आठवड्यावर आला आणि तार षड्जावर आवाज चिरकला. शिकवणाऱ्यांना वाटलं, मी रियाज चुकवतोय. "जोर लाव," ते म्हणाले. मी लावला. पद झालं, टाळ्याही पडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आवाज बसला तो आठ महिने.

आई घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी जीभ फडक्यात धरली, घशात छोटा आरसा घातला आणि आईला म्हणाले, "सूज आहे, उतरेल. पोरगा मोठा होतोय, एवढंच. त्याला ओरडायला लावू नका."

त्या आरशाची गंमत मला फार नंतर कळली. तो वापरात आणला एका गाण्याच्या मास्तरानं! मान्युएल गार्सिया हे ऑपेराचे नावाजलेले शिक्षक. १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या मदतीनं स्वतःचेच स्वरतंतू गाताना पाहिले. त्यांना जाणून घ्यायचं होतं ते हेच, की खालचा भरदार आवाज आणि वरचा पातळ आवाज एकाच गळ्यातून येतात कसे.

उत्तर असं आहे. खालच्या सुरात स्वरतंतू आखूड आणि जाड असतात. ते पूर्ण जाडीनिशी एकमेकांवर आपटतात. याला छातीचा आवाज म्हणतात, पण छातीत फक्त कंप जाणवतो. आवाज होतो तो गळ्यातच. वर जाताना दुसरा स्नायू तंतूंना ताणतो, ते पातळ होतात. अगदी वर नुसत्या कडाच थरथरतात, मधून थोडी हवा निसटते. पुरुषाच्या गळ्यातला हा खोटा आवाज, म्हणजे फॉल्सेटो. या दोन अवस्थांमध्ये एक सांधा असतो. तो ऐकू येऊ नये म्हणून ऑपेराचे गायक वर्षानुवर्षं मेहनत करतात. वयात येताना मुलाचे स्वरतंतू झपाट्यानं वाढतात, आवाज जवळजवळ एक सप्तक उतरतो आणि सांध्याची जागाच बदलते. मी जुन्या जागी जोर लावत होतो.

आता आपल्या रंगभूमीकडे या. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' उभं राहिलं आणि पुढे कितीतरी वर्षं नायिका पुरुषच होत्या. कंपनीतल्या पोराचा आवाज फुटला, की त्याच्या पोटाचाच प्रश्न. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला झाले तेव्हा सतरा वर्षांचे होते. फुटायचा तो आवाज फुटून गेलेला असणार. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मी शेकडो वेळा ऐकल्या आहेत. माझ्या कानाला तो कुठेही खोटा आवाज वाटत नाही. गळा पुरुषाचा आणि समोर रुक्मिणी!

हे कसं जमलं असेल? माझ्या मते स्वर सुरू कसा करायचा, यात ते आहे. तंतू आधी घट्ट मिटून मग हवेनं उघडले, की स्वर ठोक्यासारखा येतो. हवा आणि तंतू अलगद एकत्र आले, की तो उमलल्यासारखा येतो. बालगंधर्वांचा स्वर बहुधा दुसऱ्या जातीचा. 'स्वयंवर'ची रुक्मिणी १९१६ ची, 'एकच प्याला'ची सिंधू १९१९ ची. गळा तोच. पण सिंधूच्या पदात स्वराची धार कमी होते, शब्दाच्या शेवटी श्वास जरा सुटतो.

ऑपेरात दुःखही वाद्यवृंदाच्या वरून न्यावं लागतं. तिथले गायक, विशेषतः पुरुष, घशाची पोकळी अशी जुळवतात, की तीन हजार हर्ट्झच्या आसपास आवाजाला झळाळी येते. तिथे वाद्यांचा जोर कमी आणि आपला कान तिखट. सोप्रानो स्त्रिया इतक्या वर जातात, की 'आ' आणि 'ई' वेगळे कळणं कठीण होतं. नाट्यगीतात हे चालायचं नाही. शब्द कळला नाही तर पुणेकर प्रेक्षक ऐकून घेईल का?

हे सगळं आज आठवलं, कारण माझ्याकडे तेरा वर्षांचा एक मुलगा शिकतो. गेल्या महिन्यात त्याचा आवाज चिरकला. त्याची आई काळजीत. "सर, स्पर्धा पंधरा दिवसांवर आली हो. थोडा जोर लावला तर?"

मी म्हटलं, "ताई, स्पर्धा पुढच्या वर्षीही असते."

तो रडवेला झाला. दोन आठवडे आलाच नाही. परवा मंगळवारी आला, न सांगता सतरंजीवर बसला. पेटीवर मी काळी एक धरली. दोनदा चिरकला. तिसऱ्यांदा खालचा पंचम असा भरून लागला, की तो स्वतःच दचकून माझ्याकडे बघायला लागला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)