रश्शातला कांदा, लाडवातले बेदाणे

सणासुदीच्या आणि सहलीच्या जेवणातला कुत्र्याला सर्वांत फसवणारा पदार्थ म्हणजे कांदा. त्यातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने किंवा तळल्याने ही बाधा जात नाही. लसूण तर त्याहून जहाल. शरीराच्या दर किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कांदा रक्तात बिघाड करतो, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरतात. गटारीच्या सुमारास बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची मंडळी बारवी धरणाच्या परिसरात येतात. मटणाच्या पातेल्याच्या तळाशी उरलेले दाट वाटण, ज्यात मुख्यतः कांदाच असतो, भातात कालवून तिथल्या कुत्र्यांपुढे ठेवले जाते. घास मायेचाच असतो. पण तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस-तपकिरी होते, चार पावले चालून कुत्रा धापा टाकतो. तोवर सहल विसरलेली असते आणि कारण सापडत नाही.

त्याच पातेल्यातली हाडेही धोक्याची. शिजलेले कोंबडीचे हाड चावताच उभे चिरते आणि सुईसारखी टोके घशात किंवा आतड्यात रुततात. चरबीचा तवंग असलेला रस्सा भरपूर खाल्ला तर स्वादुपिंडाला सूज येते.

दिवाळीत धोका फराळाच्या डब्यात असतो. लाडवातले बेदाणे, चिवड्यातले मनुके यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत बंद पडतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही धड राहतो, दुसरा थोडक्यातच जातो. त्यामुळे सुरक्षित प्रमाण असे नाही. भेट आलेल्या चॉकलेटातील थिओब्रोमीन कुत्र्याचे शरीर फार सावकाश बाहेर टाकते. 100 ग्रॅम डार्क चॉकलेट 10 किलोच्या कुत्र्याच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकते. साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉलने अर्ध्या तासात रक्तातली साखर घसरते.

असे काही पोटात गेल्यास लक्षणांची वाट पाहू नये. पहिल्या दोन तासांत पशुवैद्य ओकारी काढू शकतात. घरी मिठाचे पाणी पाजणे घातक, कारण रक्तातले मीठ वाढून झटके येतात. हाड गिळले असेल तर ओकारी मुळीच काढू नये. दवाखान्यात जाताना पदार्थाचे वेष्टन, खाल्ल्याची वेळ आणि कुत्र्याचे अंदाजे वजन सोबत असावे.